उतारावर इंजिन ब्रेकिंग फक्त मागच्याच चाकांना, पुढची मोकळी. फोर-बाय-फोर चालू असूनही?

जांभा_सडा

वापरलेलं ५०० सीसीचं एटीव्ही (जाड टायरांची, हँडलने चालवायची चारचाकी) आहे, सीव्हीटी बेल्टचं, म्हणजे वेगाचं गुणोत्तर दोन पुल्या आणि बेल्टने आपोआप बदलतं. कलमांच्या बागेत खताच्या गोणी आणि क्रेट न्यायला लागतं. उतार अंदाजे २० अंशांचा, आणि पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरतं. लो गियर, फोर-बाय-फोर चालू, थ्रॉटल पूर्ण सोडलेलं, म्हणजे इंजिननेच चाकांना रोखायला हवं (इंजिन ब्रेकिंग). तरी दोन गोष्टी होतात.

एक, मागची चाकं घसरत जातात आणि पुढची नुसती मोकळी फिरतात, त्यांना इंजिनचा अडसर अजिबात जाणवत नाही. दोन, वेग फार कमी झाला की इंजिन ब्रेकिंग एकदम सुटतं आणि गाडी न्यूट्रलला असल्यासारखी धावत सुटते. चढावर मात्र पुढची चाकं छान ओढतात. पुढचा डिफरन्शियल (दोन चाकांना जोर वाटून देणारी गियरची पेटी) गेलाय की बेल्ट? उघडायच्या आधी विचारतोय.

पाना_चौदा

पुढचा डिफरन्शियल उघडू नका. चढावर ओढतोय ना, मग कॉइल, वायरिंग, रोलर सगळं ठीक आहे. तुमची पहिली तक्रार हा बिघाड नाही, त्या बनावटीचा गुणधर्मच आहे.

वर्णनावरून तुमचा पुढचा गियरकेस (तुम्ही म्हणता तो डिफरन्शियल) ऑन-डिमांड, म्हणजे गरज पडली तरच जोडला जाणारा, दिसतो. पोलॅरिस कंपनीच्या स्पोर्ट्समन एटीव्हीमध्ये वर्षानुवर्षं हीच पद्धत आहे. त्यात नेहमीच्या डिफरन्शियलसारखे मधले छोटे स्पायडर गियर नसतात. रिंग गियरच्या आतल्या बाजूला खाचा कापलेल्या असतात, मध्ये पिंजऱ्यात बसवलेले रोलर आणि त्यांच्या आत डाव्या-उजव्या चाकाचे हब. फोर-बाय-फोरचा स्विच दाबला की कॉइल एका पत्र्याला ओढून धरते, त्यामुळे पिंजरा किंचित मागे राहतो आणि रोलर खाचेच्या अरुंद टोकाकडे सरकतात. पण तेवढ्याने चाक जोडलं जात नाही. पुढच्या बाजूचं गियर गुणोत्तर मुद्दाम असं ठेवलेलं असतं की रिंग गियर पुढच्या चाकांपेक्षा थोडा हळूच फिरतो. मागची चाकं घसरून जास्त फिरू लागली की रिंग गियरचा वेग वाढतो, तो हबला गाठतो, रोलर पाचरीसारखे अडकतात आणि पुढची चाकं ओढू लागतात.

आता हेच उतारावर बघा. इंजिन मागच्या चाकांना रोखतंय, म्हणजे मागची चाकं जमिनीच्या वेगापेक्षा हळू फिरणार. रिंग गियर त्यांच्याशी बांधलेला, तोही हळू. पुढची चाकं मात्र जमिनीच्या वेगाने फिरतायत, म्हणजे हब रिंग गियरच्या पुढे. सायकलवर पेडल मारणं थांबवल्यावर मागचं चाक फ्रीव्हीलवर जसं मोकळं फिरतं, तसंच. मागची चाकं जितकी घसरतील तितकी पुढची चाकं आणखी मोकळी. स्विच चालू असो वा बंद, उतारावर फरक शून्य.

आणि वजन कुठे जातं? उतारावर ते पुढे सरकतं. म्हणजे इंजिन ब्रेकिंग नेमकं हलक्या झालेल्या टोकाला मिळतं. म्हणून मागचं टोक बाजूला यायला लागतं. मला या बनावटीतली सर्वांत धोक्याची गोष्ट हीच वाटते, कारण स्विच चालू असल्यामुळे चालवणाऱ्याला वाटतं की चारही चाकं धरलेली आहेत.

पोलॅरिसच्या काही मॉडेलांत यावर उपाय म्हणून ॲक्टिव्ह डिसेंट कंट्रोल येतं. तिथे पुढच्या चाकांनाही इंजिनचा अडसर मिळतो, पण अटी चार: स्विच त्या मोडवर, गाडी गियरमध्ये, थ्रॉटल पूर्ण बंद आणि वेग ताशी २५ किमीच्या आत. ही सोय नुसता स्विच बसवून येत नाही. पुढचा गियरकेसच वेगळा असतो.

बेल्ट_आणि_पुली

पहिल्या तक्रारीबद्दल वरच्याशी सहमत. दुसरी तक्रार मात्र खरी आहे आणि ती पुढे नाही, सीव्हीटीत आहे.

साध्या सीव्हीटीत इंजिनचा वेग उतरला की पुढच्या (इंजिनवरच्या) पुलीच्या दोन तबकड्या उघडतात, बेल्ट ढिला होतो आणि इंजिनचा चाकांशी संबंधच उरत नाही. हे होऊ नये म्हणून अनेक गाड्यांत पुढच्या पुलीच्या दोन तबकड्यांमध्ये, शाफ्टवर, वन-वे (एकाच दिशेला मोकळं फिरणारं) बेअरिंग असतं. आयडलला (इंजिन नुसतं मंद चालू असताना) बेल्ट त्या बेअरिंगवर टेकलेला असतो. इंजिन फिरतं, बेल्ट थांबलेला, बेअरिंग मोकळं. उतारावर चाकं बेल्टला इंजिनपेक्षा जोरात फिरवायला लागली की बेअरिंग लॉक होतं आणि कंप्रेशनचा अडसर थेट चाकांपर्यंत येतो. यामाहाच्या ग्रिझली, कोडियाकमध्ये पद्धत वेगळी: बेल्ट कायम ताणलेला, ऑइलमधला सेंट्रिफ्युगल क्लच आणि त्याला जोडून वन-वे क्लच. तत्त्व तेच. तिथे पुढचा डिफरन्शियलही यांत्रिक जोडणीचा, त्यामुळे फोर-बाय-फोरमध्ये अडसर चारही चाकांना मिळतो.

तुमच्या गाडीत वन-वे बेअरिंग आहे का, हे आधी बघा. सपाट जागा, इंजिन बंद, लो गियर, हाताने पुढे ढकला. गाडी जड लागली पाहिजे. न्यूट्रलसारखी सहज सरकली तर बेअरिंग नाही, किंवा अडकत नाही, किंवा बेल्ट ढिला आहे.

मग कव्हर काढा. बेल्ट काढताना बाणाची दिशा बघून ठेवा, तसाच परत बसवायचा. बेअरिंग बोटाने फिरवा: इंजिन फिरतं त्या दिशेला ते लगेच अडलं पाहिजे, उलट दिशेला मोकळं फिरलं पाहिजे. दोन्हीकडे फिरलं तर बदला. आत भरपूर ग्रीस कोंबून चालू करायचा प्रयत्न नको. ते उडून बेल्टला लागतं आणि बेल्टही जातो.

बेअरिंग चांगलं निघालं तर व्हर्नियरने बेल्टची रुंदी मोजा आणि मॅन्युअलमधल्या किमान मापाशी ताडून बघा. झिजून अरुंद झालेला बेल्ट बेअरिंगवर नीट टेकत नाही, आणि मग अगदी कमी वेगाला इंजिन ब्रेकिंग सुटतं. तुमचं लक्षण हेच.

जांभा_सडा

ढकलून पाहिलं. सुरुवातीला अडतं, पण दोघांनी जोर दिला की घसरल्यासारखं सरकतं. बेअरिंग एका दिशेला अडतंय. बेल्टच्या कडा आरशासारख्या चकचकीत आहेत. आणखी एक: मागचे टायर नवे आहेत, पुढचे जुने, बरेच झिजलेले. त्याचा संबंध असेल का?

बेल्ट_आणि_पुली

चकचकीत कडा म्हणजे बेल्ट घसरून भाजलाय. नवाच घाला, पॉलिश पेपरने घासून पुन्हा वापरू नका. नवा घालण्याआधी दोन्ही पुल्यांच्या तबकड्या स्वच्छ कापडाने पुसा, ऑइलचा बोटभरही डाग नको. नंतर मागच्या पुलीवर शिम (पातळ चकती) किंवा ॲडजस्टिंग स्क्रू, जे असेल त्याने ताण असा ठेवा की आयडलला बेल्टला ढील राहणार नाही, पण गाडी गियरमध्ये आपोआप पुढे सरकणारही नाही. गियर पडताना कडकड आवाज आला तर बेल्ट जास्त ताणलाय, अर्धा टप्पा सैल करा.

ओढा ओलांडल्यावर बेल्ट ओला होऊनही हेच लक्षण दिसतं. न्यूट्रलमध्ये रेस देऊन बेल्ट वाळवा, सपाटीवर लो गियरमध्ये एकदा थ्रॉटल सोडून अडसर येतोय का बघा, मगच उतारावर घाला.

पाना_चौदा

टायरचा उतारावरच्या तक्रारीशी संबंध नाही, चढावर मात्र आहे. मागे नवे म्हणजे व्यास मोठा, मागची चाकं हळू फिरणार. पुढचे झिजलेले, लहान, ते भराभर फिरणार. रिंग गियर आणि हब यांच्यातलं अंतर वाढतं, आणि पुढची चाकं जोडली जायला मागची जास्त घसरावी लागतात. उलटं केलंत, पुढे मोठे टायर, तर रिंग गियर कायम अडकून राहतो: स्टीअरिंग जड, ऑइल तापतं, रोलर झिजतात. चारही टायर कंपनीच्या मापाचे आणि झीज जवळपास सारखी ठेवा.

पुढच्या गियरकेसमध्ये ऑइलही कंपनीने सांगितलेलंच, मापून. जाड गियर ऑइल घातलं की पिंजरा वेळेवर सरकत नाही.

घाटउतार

सगळं नीट झालं तरी पुढची चाकं मोकळीच राहणार, म्हणून चालवण्यातला बदल सांगतो. लो गियर उतार सुरू व्हायच्या आधी, गाडी पूर्ण थांबवून. मध्येच गियर किंवा स्विच बदलायचा नाही. सरळ खाली, अंग मागे, हँडल वळवलेलं नसावं. इंजिन मागच्या चाकांना धरतंय, तर पुढच्या चाकांचं काम ब्रेककडे द्या: चारही चाकांचा लिव्हर हलका, सलग दाबलेला. फूट ब्रेक मागचाच असतो आणि मागची चाकं आधीच घसरतायत, तो टाळा. मागचं टोक बाजूला यायला लागलं तर ब्रेक क्षणभर सोडून थोडी रेस द्या. चाकं पुन्हा फिरली की पकड परत येते.

इंजिन ब्रेकिंग मध्येच सुटलं तर तेच करा, थ्रॉटलचा छोटा झटका. इंजिनचा वेग वाढून पुली बंद होते आणि बेल्ट पुन्हा धरतो. हे सपाटीवर दहा वेळा करून हाताला सवय लावा.

चढावर अडकून रिव्हर्समध्ये खाली यायची वेळ आली तर फूट ब्रेक करकचून दाबू नका. वजन मागच्या चाकांवर असतं, ती अडकली की पुढचं टोक उचलतं आणि गाडी मागे उलटते. अंग पुढे, हँडलवरचा ब्रेक लिव्हर हळूहळू.

आणि बिनब्रेकचा ट्रेलर जोडून त्या उतारावर जाऊ नका. तो मागून ढकलतो आणि मागची हलकी चाकं त्याला रोखू शकत नाहीत. गोणी दोन खेपांत न्या. पुढच्या कॅरिअरवरचा भार उतारावर आणखी वजन पुढे नेतो, म्हणून उतरताना तो रिकामा ठेवा.