थोडं थोडं करत गाठलेलं काही? तुमचे अनुभव लिहा (अनुभव धागा)

बरडाची लेक
पोळा आला म्हणून माहेरी घर सारवायला आले. माजघरातली कोठी भावानं सरकवली अन् मागच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा निघाल्या. चार उभ्या, पाचवी आडवी, असे जुडगेच्या जुडगे. कोठी कधी हललीच नाही म्हणून तिथं चुना पोचला नव्हता. मी तिथंच बसले.

आमचं वावर पुसदकडं डोंगराच्या पायथ्याशी, अडीच एकर बरड. वखर धरला की खडखड आवाज, इतके गोटे. बाबा मजुरीवर जायच्या आधी वावरात जाऊन १० घमेले गोटे वेचायचा, ते उताराच्या अंगाला धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, रचायचा, घरी आला की एक रेघ. मी एकदा म्हटलं आज शाळेला सुटी आहे, मी पण येते, ३० करू. तर म्हणे, आज ३० केले तर उद्या कंबर धरते अन् परवाचे १० बी जातात. तीन पावसाळ्यांत धुरा गुडघ्याच्या वर गेला, वाहून जायची ती माती अडायला लागली. जिथं तीळ कसाबसा यायचा तिथं बाबानं तूर घेतली.

लग्नानंतर मी १७ नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे कॉलेजात न जाता बाहेरून, बारावी केली तेव्हा तेच केलं. भाकरी झाल्या की चुलीतला विस्तव विझेपर्यंत जेवढं वाचून होईल तेवढं, बाकी उद्या. रेघा मी दारामागं मारायची. सासूबाईंनी विचारलं दुधाचा हिशोब आहे का, मी हो म्हटलं.

तुमचं कोणाचं असं असेल तर लिहा. अर्ध्यात सुटलं असेल तरी लिहा.

बाभूळबन
रेघा पुसू नको बाई. सारवायच्या आधी फोटो काढ.

भरतीवाली
माझं चालूच आहे अजून. पोलीस भरतीचं ग्राउंड, ८०० मीटर. पूर्ण २० मार्क पाहिजे तर २ मिनिटं ५० सेकंदांत यावं लागते, मी सुरू केलं तेव्हा ३ मिनिटं ४० लागायचे. घरी येऊन रडली होती. मंग सर म्हणाले २:५० विसर, या महिन्यात फक्त ५ सेकंद काढ. गाव ते फाटा रस्त्यावर आम्ही चुन्यानं २००-२०० मीटरच्या खुणा केल्या. एक दिवस जोरात, एक दिवस हळू लांब, रविवार आराम. ३:२० वर दोन महिने अडकली, काही केल्या खाली येईना, तेव्हा सरांनी चारही टप्पे वेगळे मोजले तर दिसलं का मी पहिल्या २०० लाच सगळा दम घालवते. पहिला टप्पा मुद्दाम सावकाश केला अन् टाइम कमी झाला! आता ३:०६. गोळा ४ किलोचा आहे त्याचं वेगळंच टेन्शन आहे, ते नंतर लिहीन. माझी माय साडेचारला माझ्यासोबत उठते, फाट्यावर मोबाइलचा टॉर्च धरून उभी राहते, दिवसभर निंदणाला जाते ती. तिचं कोणी लिहीत नाही म्हणून लिहिलं. जाते, म्हशीले पाणी दाखवायचं आहे.

संत्रापट्टा
भरतीवाली, तुझ्या मायले नमस्कार सांग.

कास्तकार
मी पोरीच्या नावानं पोस्टात आरडी टाकली होती महिन्याचे ५००. ५ वर्षांची राहते, ६० हप्ते. २०१७ ले गुलाबी बोंडअळी आली त्या साली कापूस फुटलाच नाही, बोंडं फोडली का आत अळी अन् काळी सरकी. चार हप्ते लागोपाठ चुकले. पोस्टात बाई म्हणाली काका चार झाले, आता दोन महिन्यांच्या आत मागचे भरा नाहीतर खातं बंद पडते. दंड जास्त नसते, शंभराला महिन्याचा एक रुपया, पण मागचे २००० एकदम कुठून आणू. बकरी विकली. बायको दोन दिवस बोलली नाही माझ्यासंगं कारण बकरी तिची होती. पण खातं चालू झालं अन् मुदत भरली तेव्हा ३०,००० अन् वर व्याज हातात आलं, पोरगी नर्सिंगले लागली. बायकोले नंतर दोन बकऱ्या घेऊन देल्या. सांगायचं हे का हप्ता चुकला म्हणजे संपलं असं समजून घरी बसू नका, पोस्टात जाऊन विचारा, आम्ही लाजेनं विचारत नाही अन् तिथंच खातं मरते.

बरडाची लेक
काका 🙏 २०१७ आमच्या जिल्ह्यानं पण पाहिलं. त्याच साली फवारणीची विषबाधा होऊन माणसं गेली. ते वर्ष निघालं हेच खूप.

सुईदोरा
कास्तकार काका, बकरी काकूंची होती तर आरडीत अर्धं नाव काकूंचं लावा 😄 माझं शिवणयंत्र बचत गटातून आलं, ते लिहायचं होतं पण पोरगं शाळेतून आलं, रात्री लिहिते.

खर्रा बंद
सगळे वावराचं लिहून राह्यले, माझं खर्र्याचं आहे, सुपारी-तंबाखू-चुना घोटून पन्नीत बांधून देतात तो. १९ व्या वर्षी लागला, दिवसाला ८ पन्न्या. घोटून देणारा पानठेलेवालाच मित्र. मंग तोंडात तीन बोटं उभी जाईना, तिखट लागलं की आग. दंतवैद्य म्हणाले सुपारीनं आतली कातडी आखडून राह्यली, आता नाही सोडला तर पुढचं मी सांगत नाही. तीन वेळा एकदम सोडला, तिन्ही वेळा चौथ्या दिवशी ठेल्यावर. मंग एकच केलं, सकाळची पहिली पन्नी पुढं ढकलली. आधी चहानंतर होती ती आंघोळीनंतर, मंग ११ वाजता, मंग जेवणानंतर. पहिली सरकली का मागच्या आपोआप कमी होतात, कारण दिवस तेवढाच राहते. पंधरा दिवसाला एक कमी केली. मामेभावाच्या लग्नात ५ खाल्ल्या, दुसऱ्या दिवशी शरमेनं पुन्हा ८ वर नाही गेलो, जिथं होतो तिथूनच धरलं, ३ वर. चार महिने लागले. तोंड पहिल्यासारखं पूर्ण उघडत नाही हे पण खरं सांगतो, रोज आइस्क्रीमच्या काड्या दातात धरून व्यायाम करतो, एक काडी वाढली तरी घरात सगळ्यांना दाखवतो. तंबाखूच्या पुडीवर फोन नंबर छापलेला असते १८००-११-२३५६, फुकट आहे, मी दोनदा लावला, माणूस नीट बोलते.

दारातली तुळस
भाऊ खरं सांगा, चहानंतरची पन्नी ढकलली कशी? आमच्या ह्यांना कप खाली ठेवला की पाहिजेच. पोट्टं बी पाहते आता.

खर्रा बंद
ताई, जवस अन् ओवा भाजून खिशात दिला होता घरच्यांनी. सुपारी नको, भाजलेली पण नको. अन् चहा पिण्याची जागा बदला, मी ओट्यावर प्यायचो, समोर ठेला. आत चुलीजवळ प्यायला लागलो. बोलू नका त्यांना जास्त, मले बोलले का मी मुद्दाम खायचो.

दारातली तुळस
जवस आहे घरात. उद्याच भाजते. 🙏

पवनारचा पोर
आमचे आजोबा सेवाग्रामच्या आश्रमात जायचे त्यामुळं चरखा घरात होताच. रोज एक लटी म्हणजे १६० तार, तार म्हणजे सूत गुंडाळायचा एक फेरा. चार लट्यांची एक गुंडी, ६४० तार. आजोबा चार दिवसांनी गुंडी बांधायचे अन् खुंटीवर टांगायचे. ताप असला तरी १० तार काढायचे, म्हणायचे हात विसरू नये. धोतर त्यांचं त्या सुताचंच. मी लहानपणी बाजूला बसून पेळू, म्हणजे कापसाच्या वळ्या, द्यायचो. आता मी पेटी शिकून राह्यलो ३८ व्या वर्षी, गुरुदेव सेवा मंडळात प्रार्थनेला वाजवणारे काका थकले म्हणून. रोज एकच ओळ. ज्या दिवशी वेळ नसते त्या दिवशी नुसता भाता हलवून सा लावतो अन् उठतो.

भरतीवाली
दादा तुमच्या आजोबाचे १० तार वाचून मी आज पावसात नुसती फाट्यापर्यंत चालून आली, धावता येत नव्हतं.

सुईदोरा
रात्र झाली, आता लिहिते. गटात महिन्याचे १०० भरायचो, अंतर्गत कर्ज घेऊन यंत्र घेतलं. पहिला महिना फक्त पिशव्या, सरळ शिलाई. मंग परकर. ब्लाउजला हात वर्षभर लावला नाही, बायका म्हणायच्या शिव ना, मी नाही म्हटलं, कोणाचं कापड बिघडलं तर पुन्हा कोण येते. पहिला ब्लाउज वहिनीचा, बाही चुकली, दोनदा उसवला. आता पोळ्याच्या आधी १४ पडले आहेत शिवायचे म्हणून बाकी नंतर.

संत्रापट्टा
सुईदोरा ताई, पोट्ट्याला तान्ह्या पोळ्यासाठी बैलाची झूल शिवायची आहे, लाकडाचा बैल, वीतभर. होईल का?

सुईदोरा
होईल. उरलेल्या कापडात करते. माप पाठवा पाठीचं.

बरडाची लेक
सगळ्यांचं वाचून दाखवलं बाबाला. गुडघ्यानं वावरात जाणं बंद झालं आहे त्याचं, खाटेवर पडून ऐकलं. आखडलेल्या तोंडाच्या काड्यांचं दोनदा वाचायला लावलं, विचारलं किती काड्या झाल्या त्याच्या. भिंतीचा तेवढा तुकडा सोडून बाकी सारवलं.

खर्रा बंद
१९ झाल्या म्हणावं बाबांना. सुरुवात १२ पासून.

संत्रापट्टा
ताई, पाठ ७ बोटं आहे बैलाची. अन् लाल रंगाची डबी कोणाकडं आहे का, शिंगं रंगवायची राहिली.