निवडीचं गृहीतक जिथे वापरलं, तिथे ते लिहायलाच हवं का?

रिक्तसंच:
विश्लेषणाच्या पुस्तकांत एक प्रमेय हमखास असतं: गणनीय संचांचा गणनीय संयोग गणनीय असतो (गणनीय म्हणजे ज्याचे घटक पहिला, दुसरा, तिसरा अशा यादीत मांडता येतात). सिद्धता सगळीकडे एकच. अ१ चे घटक एका ओळीत मांडा, त्याखाली अ२ चे, त्याखाली अ३ चे, आणि तिरकं मोजत जा.

अडचण ओळी मांडतानाच येते. ‘अ१ गणनीय आहे’ म्हणजे त्याची किमान एक यादी अस्तित्वात आहे. संच अनंत असेल तर अशा याद्या अगणनीय असतात. तिरकं मोजायचं तर प्रत्येक संचासाठी त्यांतली एक यादी पक्की करावी लागते, आणि तीही सगळ्या संचांसाठी एकदम. निवडीचं गृहीतक म्हणतं की रिक्त नसलेल्या कितीही संचांतून एकदम एकेक घटक निवडता येतो. इथे लागतं ते त्याचं गणनीय रूप. झर्मेलोनं १९०४ मध्ये हे गृहीतक उघडपणे मांडलं, त्याआधी लोक नकळत वापरतच होते. ही नुसती औपचारिकता नाही. कोहेननं १९६३ मध्ये संचसिद्धान्ताची नवी मॉडेल बनवण्याचं फोर्सिंग हे तंत्र आणलं आणि त्यावरून फेफरमन व लेव्ही यांनी झेड-एफचं (निवड वगळून संचसिद्धान्ताच्या नेहमीच्या गृहीतकांचं) असं मॉडेल बनवलं, ज्यात वास्तव संख्यांचा आख्खा संच गणनीय संचांचा गणनीय संयोग आहे. तिथेही तो अगणनीयच राहतो, कारण कॅन्टरच्या कर्ण-युक्तिवादाला निवड लागत नाही. कोलमडतं ते लेबेग माप, म्हणजे संचांची ‘लांबी’ मोजण्याची नेहमीची पद्धत.

माझं मत: सिद्धतेत निवड वापरली की त्या पायरीवरच लिहावं, आणि कोणती तेही: गणनीय, अवलंबी (एकामागून एक, प्रत्येक निवड आधीच्या निवडीवर अवलंबून) की पूर्ण (कितीही संचांतून).

तिरकीमोजणी:
असहमत. गोडेलनं १९३८ मध्येच दाखवलं की झेड-एफ सुसंगत असेल तर त्यात निवड घातल्यानं विसंगती येत नाही. त्याच कामातून आणखी एक गोष्ट निघते आणि ती फारशी सांगितली जात नाही. नैसर्गिक संख्यांबद्दलचं कोणतंही अंकगणिती विधान निवड वापरून सिद्ध झालं असेल, तर ते निवडीशिवायही सिद्ध होतं. गोडेलच्या रचनीय विश्वात (पायरीपायरीनं व्याख्येतून बनणाऱ्या संचांच्या विश्वात) निवड खरी असते, आणि तिथल्या नैसर्गिक संख्या आपल्याच असतात. म्हणजे अविभाज्य संख्यांवरचं प्रमेय तुम्ही खुशाल निवड वापरणाऱ्या कोणत्याही मार्गानं सिद्ध करा, निष्कर्षाला धक्का लागत नाही. मग प्रत्येक पायरीवर शिक्का कशाला?

शिवाय असे शिक्के चुकीच्या जागी पडतात. ‘अ रिक्त नाही, म्हणून त्यातला एक घटक क्ष घेऊ’ एवढं वाचलं की विद्यार्थी निवडीचं गृहीतक लिहून मोकळे होतात.

विगमन:
शेवटचं निरीक्षण बरोबर आहे, पण त्यावरून उलटाच निष्कर्ष निघतो. एका संचातून एक घटक घेणं हा साधा तर्काचा नियम. शंभर संचांतून एकेक घेणं हे विगमनानं होतं. मात्र विगमनातून मिळतं ते ‘प्रत्येक न साठी पहिल्या न संचांतून निवड करता येते’ एवढंच. ‘सगळ्या संचांतून एकदम’ मिळत नाही. हा फरक शिकवायचा तर खूण करण्याची सवय लागायला हवी.

आता एक उदाहरण. फ हे फल क या बिंदूपाशी संतत आहे, याच्या दोन व्याख्या: एप्सिलॉन-डेल्टाची आणि क्रमिकांची. दुसरीवरून पहिली सिद्ध करताना म्हणतात: समजा, पहिली खोटी आहे. मग असा एप्सिलॉन आहे की प्रत्येक न साठी क पासून १/न पेक्षा जवळचा एखादा क्ष मिळतो, पण फ(क्ष) आणि फ(क) यांत किमान एप्सिलॉनचं अंतर असतं. असा एकेक क्ष उचलून क्रमिका बनवा. या ‘उचलून’मध्ये गणनीय निवड आहे आणि ती टळत नाही. कोहेनच्या पहिल्या मॉडेलमध्ये वास्तव संख्यांचा एक अनंत संच असा आहे की त्यातून वेगवेगळ्या घटकांची अनंत क्रमिका काढताच येत नाही. त्याच्या एखाद्या सीमाबिंदूपाशी (तो बिंदू संचात असेल तर वगळून) संचाचं सूचक फल (संचातल्या बिंदूंवर १, बाहेर ०) घ्या. क्रमिकांच्या व्याख्येनं ते तिथे संतत ठरतं, एप्सिलॉन-डेल्टानं नाही.

आणि गंमत पाहा. फ सर्वच वास्तव बिंदूंपाशी क्रमिकांच्या अर्थानं संतत असेल, तर निवड लागत नाही. वरच्या प्रत्येक क्ष च्या लगत अशी परिमेय संख्या असते जिचं मूल्य फ(क) पासून किमान निम्म्या एप्सिलॉनवर आहे. परिमेय संख्यांची एक ठरलेली यादी आपल्याकडे आहेच. प्रत्येक न साठी त्या यादीतली पहिली योग्य संख्या घ्या, झाली क्रमिका. एकच निष्कर्ष, एकीकडे गृहीतक अटळ, दुसरीकडे अनावश्यक. खूण नसेल तर हे दिसणारच नाही.

सीमाबिंदू:
हिशेब ठेवायचाच तर यंत्राला ठेवू द्या. लीनमध्ये (सिद्धता तपासणाऱ्या संगणकप्रणालीत) सिद्धता लिहिली की एका आज्ञेसरशी ती कोणत्या गृहीतकांवर उभी आहे ते छापून येतं.

विगमन:
लीन या कामासाठी फार भरड आहे. त्यात मध्यव्यावर्तनाचा नियम, म्हणजे ‘विधान खरं किंवा त्याचा नकार खरा’, हाच मुळी निवडीवरून काढलेला आहे (दियाकोनेस्कूचा युक्तिवाद, १९७५). त्यामुळे वरच्या दोन्ही सिद्धतांच्या यादीत ‘चॉइस’ दिसेल. गणनीय की पूर्ण, हे तर ती यादी सांगतच नाही.

तिरकीमोजणी:
उदाहरण चोख आहे, मानलं. तरी मागणी अजून अतिव्यापक वाटते. विश्लेषणाचा बहुतेक भाग अवलंबी निवडीवर चालतो: पूर्ण मेट्रिक अवकाशांसाठी बेअरचं प्रमेय तिच्याशी सममूल्यच आहे. मग पुस्तकाच्या सुरुवातीला एकदाच ‘अवलंबी निवड गृहीत’ लिहावं, आणि त्यापुढचं जिथे लागेल तिथेच खूण करावी: टायकोनॉफचं प्रमेय, प्रत्येक सदिश अवकाशाला आधार असणं (ब्लास, १९८४: हे पूर्ण निवडीइतकंच बलवान), हान-बनाखचं प्रमेय. हान-बनाख पूर्ण निवडीपेक्षा दुबळं आहे खरं, पण पाव्हलिकोव्स्कीनं १९९१ मध्ये दाखवलं की गोळ्याचे तुकडे करून दोन गोळे जोडणारं बनाख-टार्स्की त्यातूनही निघतं. अशा ठिकाणी खूण हवी, याबद्दल वाद नाही.

रिक्तसंच:
विश्लेषणाच्या पुस्तकासाठी हे चालेल. संचसिद्धान्ताच्या पहिल्या पुस्तकात नाही चालणार, कारण तिथे गणनीय निवडच शिकण्याचा विषय असतो. बैजिक संख्या (पूर्णांक सहगुणकांच्या बहुपदींची मुळं) गणनीय आहेत, हे ‘गणनीय संयोग’ म्हणून एका ओळीत उरकतात आणि फुकट निवड खर्च करतात. त्याऐवजी पूर्णांक सहगुणकांच्या शून्येतर बहुपदी घ्या. कोटी आणि सहगुणकांच्या निरपेक्ष मूल्यांची बेरीज करा. दरेक बेरजेला मोजक्याच बहुपदी येतात, त्या शब्दकोशाच्या क्रमानं लावा. प्रत्येकीची मुळं आधी वास्तव भागानं, तो सारखा असेल तर काल्पनिक भागानं लावा. सगळी यादी ठरली, कुठेही काही निवडलं नाही. विद्यार्थ्याला ही सिद्धता आणि वरची तिरकी मोजणी शेजारी-शेजारी दाखवायची, तर दुसरीवर खूण असलीच पाहिजे.