टेनार सुटली की तिला सोडवलं?

पानगळ : उर्सुला के. ले ग्विन यांची ‘द टूम्ब्ज ऑफ अटुआन’ (१९७१) परवा संपवली आणि नुसती चिडचिड झाली. न वाचलेल्यांसाठी : टेनारला पाच वर्षांची असताना घरातून नेऊन वाळवंटातल्या थडग्यांची मुख्य पुजारीण केलंय. नावही काढून घेतलंय. आता ती अर्हा, म्हणजे ‘गिळलेली’. जमिनीखालच्या अंधाऱ्या भूलभुलैयात तिचंच राज्य. मग गेड नावाचा जादूगार एका कड्याचा तुटका अर्धा तुकडा चोरायला येतो आणि शेवटी ती त्याच्याबरोबर समुद्रापार हावनोरला जाते. एवढी खमकी पोरगी, पण बाप्या आल्याशिवाय जागची हलत नाही! नावसुद्धा तोच परत देतो. राजपुत्रच की हा, फक्त घोडा नाही.

चहाबाज : साफ असहमत. राजपुत्र तहानेनं मरायला टेकलेला असतो. त्याला आत कोंडते ती, पाणी देते ती, कोसिल या दुसऱ्या पुजारिणीला चकवायला मनान या सेवकाकडून खोटी कबर खणून घेते तीच. बाहेर पडताना कुठल्या वळणावर वळायचं हेही तिलाच पाठ. तो छत कोसळू नये म्हणून सगळी ताकद पणाला लावतोय, वाट ती काढतेय. आता सांग, कोणी कोणाला सोडवलं?

पानगळ : बरं, वाट तिची. पण थडग्यांखालची ती गुहा आठव. तिथे दिवा न्यायचा नाही असा नियम, म्हणून तिनं भिंती आजवर फक्त हातानं चाचपलेल्या. गेडच्या काठीच्या उजेडात पहिल्यांदा दिसतं, की सगळीकडे स्फटिक लखलखतायत. स्वतःचं घर चोराच्या उजेडात बघायचं?

शेवंती : मला तर तेच पान सगळ्यात आवडतं. आणि ते बघून ती भारावून त्याच्या मागे जात नाही, दार लावून घेते!
तुम्ही दोघं भुयारातच अडकलात. खरी गंमत पुढच्या पायपिटीत आहे. भूक लागलेली, गेड मंत्रानं ससा बोलावतो. ती म्हणते खाऊया, तो म्हणतो विश्वासानं आलाय, मारणार नाही. नंतर किनाऱ्यावर ती सुरी घेऊन त्याच्या अंगावर जाते. तो सुरीकडे बघतसुद्धा नाही, तिच्या मनगटावरच्या त्याच, आता जोडलेल्या कड्याला बोट लावतो. देव गेले, आता या हातांचं करायचं काय? काठमांडूची कुमारी देवीपण संपल्यावर घरी परत जाते ना, तिची आठवण झाली.

जुना वाचक : लेखिकेचंही समाधान झालं नसावं. १९९० च्या ‘तेहानू’मध्ये टेनार परत येते, गाँट बेटावरच्या शेतकऱ्याची विधवा म्हणून. वाचाच.

पानगळ : वाचते. पण या पुस्तकाचं शेवटचं वाक्य? घरी येणाऱ्या लहान मुलासारखी त्याचा हात धरून हावनोरच्या रस्त्यानं चालते म्हणे. लहान मूल?

शेवंती : पहिलं पान काढ. सफरचंदाच्या बागेत आई हाका मारतेय, “टेनार, घरी ये”. त्यानंतर तिला घर कधी मिळालं? मग ती कितव्या वर्षाची होऊन परतणार?

पानगळ : ते पान विसरलेच होते. पण मग हात त्याचाच का?