वीस हजारांचा कोरा लॅपटॉप घेऊ नका, बारा हजारांचा जुना घ्या

पेचकस

दहावीचा निकाल लागला की पेढ्यांआधी मला फोन येतात. "तुला त्यातलं कळतं ना, वीस-बावीस हजारांत एखादा चांगला लॅपटॉप सांग." यंदा सख्ख्या भाचीचा नंबर आहे, म्हणून एकदाच लिहून टाकतो: त्या भावात कोरा लॅपटॉप घेऊ नका. एखाद्या ऑफिसातून निवृत्त झालेला जुना घ्या आणि त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम टाका.

हे बोलायचा अधिकार मी पैसे मोजून मिळवलाय. स्वस्त लॅपटॉप हे माझं व्यसन. सुरुवात नेटबुकपासून, म्हणजे छोट्या, स्वस्त लॅपटॉपपासून. २००७ साली असुसने ईईई पीसी काढला: सात इंची पडदा, ४ जीबी साठवण, आत लिनक्स. मग प्रत्येकाने आपापलं पिल्लू बाजारात सोडलं. माझं दहा इंची होतं, विंडोज ७ स्टार्टरवालं. स्टार्टर ही अशी आवृत्ती की डेस्कटॉपमागचं चित्रसुद्धा बदलायची सोय नाही. भाड्याच्या खोलीत खिळा ठोकू नका म्हणतात, तसं.

२०१६ मध्ये दहा हजारांच्या लॅपटॉपांची लाट आली. आयबॉलचा कॉम्पबुक ९,९९९ रुपयांना जाहीर झाला. मी घेतला तो दुसऱ्याच एका कंपनीचा. २ जीबी रॅम आणि ३२ जीबी ईएमएमसी, म्हणजे बोर्डावरच चिकटवलेली स्वस्त साठवण. वर्षातून दोनदा विंडोजचं मोठं अपडेट यायचं आणि त्याला लागेल एवढी मोकळी जागा यात कधीच नसायची. दोष विंडोजचा नाही, ३२ जीबी देऊन विकणाऱ्याचा. कंटाळून लिनक्स टाकायला गेलो, तर पेनड्राइव्ह ओळखेचना. दोन रात्री घालवल्यावर कळलं, प्रोसेसर ६४ बिटी पण त्याला जागं करणारं फर्मवेअर ३२ बिटी! पेनड्राइव्हमध्ये एक चिमुकली फाइल हाताने टाकली तेव्हा गाडी सुरू झाली. मग पडदा मधेच गोठायला लागला. प्रोसेसर गाढ झोपला की उठतच नसे. उपाय काय, तर कर्नेलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, एक ओळ लिहून बजावायचं, की याला डुलकीपलीकडे जाऊ देऊ नकोस. गोठणं थांबलं, बॅटरी मात्र निम्म्यावर आली.

टाळेबंदीत मुलाच्या शाळेसाठी घाईत तेवीस हजारांचा घेतला. सेलेरॉन हा इंटेलचा स्वस्तातला प्रोसेसर, ४ जीबी रॅम, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क. आठच्या तासासाठी तो पावणेआठला चालू करून ठेवावा लागे.

शेवटी बारा हजारांत कुठल्याशा ऑफिसातून बाहेर पडलेला घेतला. इंटेलचा सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, म्हणजे तबकडी नसलेली वेगवान डिस्क. विंडोज ११ त्याला अधिकृतपणे चालत नाही, कारण इंटेलची किमान आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणूनच तर ही यंत्रं स्वस्त झालीत! आधी क्रोमओएस फ्लेक्स टाकलं, जुन्या यंत्रांसाठीची गूगलची फुकट सिस्टीम. वीस मिनिटांत तयार, पण प्ले स्टोअर नाही. महिन्याभराने लिनक्स मिंट टाकलं, म्हणजे लिनक्सचाच एक सोपा अवतार, त्यातही हलकी एक्सएफसीई आवृत्ती. तेव्हापासून घरात कोणी "हँग झालाऽऽ" म्हणून ओरडलेलं नाही.

बोला.

जमाखर्च

पेचकसराव, हिशेब अर्धाच मांडलात. बारा हजारांत तुमच्या रात्री कुठे धरल्यात? दोन रात्री फाइल शोधण्यात, किती डुलक्या घालवण्यात, महिनाभर फ्लेक्स, मग मिंट. तुम्हाला हा छंद आहे म्हणून ते खर्चात दिसत नाही. माझ्याकडे कर सल्लागाराच्या ऑफिसात तीन मुली काम करतात. मार्च अखेरीस एकीचं यंत्र अर्धा दिवस बंद पडलं तर त्याची किंमत काय, ते मला विचारा.

शिवाय हिशेबाचं टॅली विंडोजवरच चालतं. लिनक्सवर कसरती करून चालवतात म्हणे, पण अशिलाची वही कसरतीवर ठेवायची नसते. डिजिटल सहीची डोंगलं, त्यांची ड्रायव्हरं, हे सगळं विंडोज गृहीत धरूनच बनलंय.

आणि जुन्यावर एवढं प्रेम असेल तर आयकराचं कोष्टक बघा. संगणकाला वर्षाला ४० टक्के घसारा आहे. बारा हजारांचं यंत्र दोन वर्षांत माझ्या वहीत चार हजार तीनशेवीसला येतं. सरकारलाही कळतं की ही वस्तू टिकत नाही.

पेचकस

ऑफिसासाठी नव्हतंच ते, घरासाठी होतं. आणि घसारा कोऱ्यालाही तोच लागतो की! तुमचा वीस हजारांचा दोन वर्षांत सात हजार दोनशेला येणार. जास्त पैसे कोणाचे बुडाले?

मधल्या सुट्टीत

मी डोंगरातल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते, म्हणून जरा वेगळं सांगते. आमच्याकडे देणगीत आलेले पाच जुने लॅपटॉप आहेत, पेचकसदादांच्या आवडीचेच, दणकट, काळे, जड. पाचही जणांवर फ्लेक्स आहे. छान चालतं, कबूल. पण पावसाळ्यात वीज गेली की त्यातला सगळ्यात धडधाकट पाऊण तास टिकतो. वीज गेली म्हणजे राउटरही गेला, आणि इंटरनेट नसताना फ्लेक्सवर फारसं काही उरत नाही.

याउलट एका पालकाने मुलीला जिओबुक घेऊन दिलंय. २०२३ सालचं, १६,४९९ वालं. जाणकार नाकं मुरडतात. आत मीडियाटेकची चिप, ४ जीबी रॅम आणि अँड्रॉइडवर आधारलेलं जिओओएस. पण त्याचं वजन ९९० ग्रॅम आहे आणि सिमकार्ड आतच बसतं. ती मुलगी दप्तरातून आणते, टेकाडाच्या ज्या कोपऱ्यावर रेंज येते तिथे बसते आणि काम करून परत येते. तिला आय-फाइव्ह देऊन काय करायचं?

तुमच्या सेलेरॉनबद्दलही बोलायचंय. साधा एन४०२० घ्या, तो ६ वॅटचा आहे. तुमच्या जुन्या आय-फाइव्हचं तेच माप १५ वॅट. त्यामुळे बऱ्याच स्वस्त लॅपटॉपांत पंखासुद्धा नसतो, धूळ खात नाहीत, आणि कोरी बॅटरी शाळेचा दिवस काढते. वेग कमी आहे, मान्य. पण वीजच नसेल तर वेगाचं लोणचं घालायचं का?

सोल्डरगन

दुरुस्तीचं दुकान आहे, वीस वर्षं. दोघांचंही थोडं थोडं खोडतो.

ताई, तुमचं विजेचं म्हणणं खरं. पण हे स्वस्त कोरे मेले की आमच्याकडे करण्यासारखं काही नसतं. रॅम बोर्डावर सोल्डर, ईएमएमसी बोर्डावर सोल्डर. ती चिप गेली की डेटाही गेला आणि बोर्डही. नव्या बोर्डाचा भाव ऐकून गिऱ्हाईक लॅपटॉप इथेच टाकून जातं. माझ्या माळ्यावर ढीग आहे. दुसरं दुखणं बिजागरीचं. पडदा धरणारे स्क्रू पितळेच्या बुशात असतात आणि ते बुश नुसत्या प्लॅस्टिकमध्ये दाबून बसवलेले. दीड-दोन वर्षं झाकण उघडमीट केली की प्लॅस्टिक फाटतं. मग लोक रबरबँड लावून आणतात. ऑफिसवाल्या जुन्यात हे सहसा होत नाही, आणि कीबोर्ड, रॅम, डिस्क, सगळं बदलून मिळतं.

आता पेचकसभाऊ. "बारा हजारांचा जुना घ्या" असं मोकळं सोडू नका हो. तुम्हाला निवडता येतो, तुमच्या मावशीला नाही येत. कोणी घेणारच असेल तर दुकानातच बसून एवढं बघा. चालू करताना बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी जागं होणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये, शिरा. पासवर्ड मागितला तर उठून या, जुन्या कंपनीने कुलूप लावलेलं आहे आणि ते माझ्यासारख्याकडे आणून उपयोग नसतो. विंडोज असेल तर कमांडच्या काळ्या खिडकीतून बॅटरी रिपोर्ट काढा. मूळ क्षमता आणि आत्ताची क्षमता समोरासमोर छापून येते. डिस्कचे चालू तास बघा. "नवी एसएसडी" म्हणून दिलेल्या डिस्कवर नऊ हजार तास मी स्वतः पाहिलेत. आणि बदली बॅटरी अस्सल मिळणं फार कठीण. खोक्यावर मोठी नावं असतात, आतली सेल कुठली ते देवाला ठाऊक.

माझं घरचं यंत्र जुनंच आहे. पण सासऱ्यांना कोरं घेऊन दिलं. वॉरंटी असली की ते मला रविवारी फोन करत नाहीत.

अक्षरजुळारी

विषय मराठी माणसांत चाललाय आणि मराठी टायपिंगबद्दल कोणी बोललंच नाही.

डीटीपीत जन्म गेला. लग्नपत्रिका, वार्षिकांक, निवडणुकीची पत्रकं, सगळं श्रीलिपीत. त्या काळचे फाँट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी तुकडे बसवलेले. लिनक्सवर ती फाइल उघडली की "श्री गणेशाय नमः" च्या जागी किडे-मुंग्या दिसतात. म्हणजे माझा प्रश्न लॅपटॉपचा नाहीच, कपाटभर जुन्या फायलींचा आहे. जोवर जुनं गिऱ्हाईक "मागच्या वर्षीचीच पत्रिका काढा, फक्त तारीख बदला" म्हणतंय, तोवर दुकानात विंडोज.

घरी मात्र मिंट आहे. आयबस आणि एम१७एन ही टायपिंगची साधनं टाकली की मराठी इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांची प्रमाण कीबोर्ड मांडणी, मिळते, फोनेटिक हवं त्याला तेही मिळतं. इनस्क्रिप्ट दोन्हीकडे सारखंच असल्यामुळे बोटांना घर आणि दुकान यांतला फरक कळत नाही. ज्यांनी मुलांना इंग्रजी अक्षरांतून मराठी टाइप करायला शिकवलं, त्यांना प्रत्येक नव्या यंत्रावर आधी साधन शोधत बसावं लागतं. भाचीला लॅपटॉप कुठलाही द्या, इनस्क्रिप्ट शिकवा. पंधरा दिवस शिव्या घालेल, नंतर नाव काढेल.

अपर बर्थ

मी त्या भाचीच्या जागी होतो, म्हणून लिहितो.

माझ्या मामाने असाच प्रेमाने लॅपटॉप दिला. जुना, दणकट, वर लिनक्स. वायफायची चिप मात्र अशी की तिचा ड्रायव्हर तेव्हा कर्नेलमध्ये नव्हता. मामाने तो कुठून तरी उतरवून हाताने बसवला, चहा घेतला आणि आठवड्याने कॅनडाला गेला. कायमचा. पुढे दर वेळी कर्नेलचं अपडेट आलं की वायफाय गायब, कारण ड्रायव्हर त्या जुन्या कर्नेलपुरताच बांधलेला. तो पुन्हा बांधायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटसाठी ड्रायव्हर हवा. रात्री साडेअकराला मामाला फोन लावायचा. तिकडे तो ऑफिसात, दबक्या आवाजात मला एकेक अक्षर सांगणार, "सुडो... एस, यू, डी, ओ..." आई समजायची आम्ही बुद्धिबळ खेळतोय.

चौथ्या वेळी मी नाक्यावरच्या दुकानात गेलो आणि पाचशे रुपयांत "विंडोज मारून" आणलं. परवाना वगैरे विचारू नका, तेव्हा मीही विचारला नव्हता. हे चूक आहे, माहीत आहे. पण तुमच्यासारखे मामा उत्साहाने जे सोडून जातात, त्याचा शेवट महाराष्ट्रात बहुतेक वेळा त्या पाचशेवाल्या दुकानातच होतो.

पेचकस

कॅनडावाल्या मामाने तो ड्रायव्हर डीकेएमएसमधून बसवला असता तर प्रत्येक नव्या कर्नेलबरोबर आपोआप बांधला गेला असता. पण हे वाक्य लिहितानाच मला कळतंय की मी तुमचंच म्हणणं सिद्ध करतोय.

सोल्डरगनसाहेब, निवडण्याचा मुद्दा मान्य. मावशीला एकटं त्या बाजारात पाठवणं म्हणजे पाप. ताई, तुमच्या टेकाडाला माझ्याकडे खरंच उत्तर नाही. मी शहरात बसून प्लग भिंतीत असतोच असं धरून चाललो होतो.

पण जमाखर्चांना मी एवढ्यात सोडणार नाही. "विंडोज घेतलं की प्रश्न मिटला" हेही खरं नाही. विंडोज ११ ला कागदोपत्री ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण पुरते. तेवढंच देऊन लॅपटॉप विकले जातात, आणि ब्राउझरची पाच पानं उघडली की माणूस कपाळाला हात लावतो. माझा राग कोरेपणावर नाही, त्या "कमीत कमी" आकड्यावर आहे. माझी अट आता अशी: कोरा असो की जुना, ८ जीबी रॅम आणि एसएसडी याखाली जायचं नाही. ईएमएमसी दिसलं की पुढच्या दुकानात. विंडोज १० वालं यंत्र घरात असेलच तर वाढीव सुरक्षा अपडेटं १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, तोवर घाईने काही विकत घेऊ नका.

आता ताजी बातमी. भाची डिप्लोमाला सिव्हिल घेणार म्हणते. ऑटोकॅड लागेल. ते लिनक्सवर येत नाही.

जमाखर्च

म्हणजे विंडोजच.

पेचकस

आठव्या पिढीचा जुना बघतोय, एकोणीस हजारांपर्यंत जाईल. त्यावर विंडोज ११ सरळ मार्गाने चालेल. बिल पक्कं घेईन, बायॉस बघेन, बॅटरी रिपोर्ट काढेन. आणि एका कोपऱ्यात चाळीसेक जीबी जागा मिंटला.

सोल्डरगन

चाळीस जीबी कशाला? तिला विचारलंत का?

पेचकस

विचारतो.

अपर बर्थ

ते नंतर विचारा. आधी तुमचा पासपोर्ट कुठे आहे ते सांगा.