नकाशात कॅनडाशेजारी कंसात ‘फ्रान्स’ लिहिलंय, ती छपाईची चूक आहे का?

माणदेशी_मास्तर:

नमस्कार मंडळी. माण तालुक्यातल्या एका शाळेत मी आठवी-नववीला भूगोल शिकवतो. परवा उत्तर अमेरिकेचा नकाशा भिंतीवर लावला होता. तास संपत आला तशी एक मुलगी पुढे आली, कॅनडाच्या पूर्वेकडच्या न्यूफाउंडलंड बेटाच्या खाली बोट ठेवलं आणि म्हणाली, “सर, इथं कंसात फ्रान्स का लिहिलंय? चुकलंय का?” जवळ जाऊन बघितलं तर दोन ठिपके आणि बारीक अक्षरात ‘सेंट पियरे व मिकेलॉन (फ्रान्स)’. इतकी वर्षं हाच नकाशा लावतोय, पण माझं लक्ष कधी गेलं नव्हतं. उद्या सांगतो म्हणालो.

रात्री शोधलं. क्षेत्रफळ २४२ चौरस किलोमीटर, वस्ती सहा हजारांच्या आत. म्हणजे आमच्या म्हसवडमध्ये याच्या कितीतरी पट माणसं राहतात. पण नुसते आकडे सांगून तिचं समाधान होणार नाही. तिथं कोण राहतं, कशावर जगतं, कारभार कोण बघतं आणि कॅनडाच्या उंबऱ्यावर फ्रान्स शिल्लक राहिलाच कसा? कुणी जाऊन आलंय का तिकडे?

थळची_लेक:

मास्तर, छपाई बरोबर आहे. मी न्यूफाउंडलंडमध्ये सेंट जॉन्सला राहते. माहेर अलिबागजवळचं थळ, आम्ही कोळी. मासळी टिकवण्याचं शास्त्र शिकायला इकडे आले आणि इथंच नोकरीला लागले. त्या बेटांवर दोनदा जाऊन आलेय, त्यामुळे तुमचा प्रश्न बघून राहवलं नाही.

आधी नाव. तिथली माणसं ‘सँ-पियेर’ आणि ‘मिकलाँ’ म्हणतात, मुलांना तसंच शिकवा. सेंट जॉन्सहून गाडीने चार-साडेचार तासांवर फॉर्च्यून नावाचं बंदर आहे. तिथून बोटीने दीडएक तास. मधलं पाणी जेमतेम पंचवीस किलोमीटर, पण उतरलात की समोर फ्रेंच पोलीस पासपोर्ट मागतात, चलन डॉलरचं युरो होतं आणि घड्याळ अर्धा तास पुढे करावं लागतं. दुपारी बारा वाजले की दुकानांची दारं लागतात. सगळे जेवायला घरी. घरांना लाल, पिवळे, निळे रंग, आणि प्रत्येक दाराला रस्त्यावर पुढे आलेली एक बंदिस्त लाकडी खोली. तिला ‘तांबूर’ म्हणतात. बाहेरचं दार लावून मग आतलं उघडायचं, म्हणजे बर्फ आणि वारा घरात शिरत नाही.

बेटं मुख्य तीन. सँ-पियेर सगळ्यात लहान, सव्वीसेक चौरस किलोमीटरचं, पण जवळजवळ सगळी माणसं तिथंच, कारण चांगलं बंदर तिथं आहे. मिकलाँवर सहाशेच्या आसपास. त्याच्या दक्षिणेला लांगलाद. ही दोन पूर्वी वेगळी होती. अठराव्या शतकात मधल्या खाडीत वाळू साचत गेली आणि आता बाराएक किलोमीटरचा वाळूचा पट्टा दोघांना जोडतो. धुक्यात खलाशांना तो पट्टा दिसायचा नाही. या बेटांभोवती पाचशेहून जास्त जहाजं फुटली आहेत.

आता कशावर जगतात ते. एका शब्दात, कॉड. घोळीसारखा मोठा, पांढऱ्या मांसाचा मासा. बर्फाच्या पेट्या नव्हत्या तेव्हा तो युरोपात न्यायचा तर खारवून सुकवावा लागे, आणि सुकवायला किनाऱ्याची जमीन हवी. फ्रान्सला ही बेटं हवी होती ती त्यासाठी. १७६३ च्या पॅरिस तहात त्यांनी अख्खा कॅनडा इंग्रजांना दिला, पण हे दोन खडक मागून घेतले. त्यानंतरही लढाई पेटली की इंग्रज येऊन माणसांना हाकलायचे, घरं जाळायचे. १७७८ ला तेच, १७९३ ला बेटं घेऊन लोकांना पुन्हा हाकललं. कायमची परत मिळाली १८१६ मध्ये. आजची वस्ती तेव्हा फ्रान्सच्या किनाऱ्यावरून आलेल्या बास्क, ब्रेतों (ब्रिटनीचे) आणि नॉर्मन कोळ्यांची, आणि मिकलाँवर अकाडियन, म्हणजे कॅनडात आधीपासून वसलेल्या फ्रेंच घराण्यांची. त्यांना इंग्रजांनी नोव्हा स्कोशियातून आधीच हुसकावलेलं होतं.

बंदरासमोर होडीने दहा मिनिटांवर एक चिमुकलं बेट आहे, ईल-ओ-मारँ, खलाशांचं बेट. एकेकाळी तिथं सहाशेच्या वर माणसं होती. आता कायमचं कुणी नाही, उन्हाळ्यात काही घरं उघडतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा चर्चच्या बाजूला चालताना पायाखाली गोटे लागले. मुठीएवढे, एकसारखे, शेतभर पसरलेले. गवत मधून मधून वर आलेलं. सोबतच्या बाईंना विचारलं, हे समुद्राने टाकलेत का? त्या म्हणाल्या, नाही, हाताने मांडलेत. ही मासळी सुकवायची जागा, ‘ग्राव’. खालून वारा खेळावा म्हणून दगड. कॉड पोटातून चिरायचा, कणा काढायचा, पुस्तकासारखा उघडायचा, मिठात मुरवायचा, धुवायचा आणि या दगडांवर मांडायचा. ऊन कडक झालं तर उलटायचा, धुकं उतरलं की सगळा उचलून ढीग घालायचा, कातडी वर करून. हे काम करायला ब्रिटनीहून पोरं आणत, तुमच्या वर्गातल्या मुलांहून थोडीच मोठी. त्यांना ‘ग्राव्ये’ म्हणत.

मी तिथंच खाली बसले. माझी आजी बोंबील असेच सांभाळायची. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून वलांडीवर टांगायचे, आभाळ भरून आलं की आम्हा पोरांना हाका मारायची आणि सगळं गोळा करून पडवीत आणायचं. जग ओलांडून आले आणि एक धुक्यातलं खळं बघताना माझ्या नाकाला घरचा वास आला.

माणदेशी_मास्तर:

ताई, वाचून वर्गात तसंच सांगावंसं वाटतंय. आमच्याकडे खळं म्हणजे बाजरीचं, पण मुलं समजतील. दोन गोष्टी राहिल्या. कारभार? आणि हल्ली मासळीवर भागतं का?

थळची_लेक:

भागत नाही, आणि हीच त्या बेटांची मोठी दुखरी जागा आहे.

मोठे ट्रॉलर आले तसा कॉड ओरबाडला गेला. त्यात प्रत्येक देशाच्या किनाऱ्यापासून दोनशे मैलांच्या समुद्रहद्दी आल्या आणि कॅनडा-फ्रान्समध्ये समुद्र कुणाचा यावरून वर्षानुवर्षं भांडण चाललं. जून १९९२ मध्ये लवादाने निकाल दिला. फ्रान्सला बेटांभोवतीचं थोडं पाणी आणि तिथून दक्षिणेला जाणारी साडेदहा सागरी मैल रुंद, दोनशे मैल लांब अशी एक पट्टी. सगळं मिळून १२,४०० चौरस किलोमीटर. फळ्यावर काढून दाखवा, लांबुडक्या पावासारखी दिसते, लोकही तिला ‘बॅगेट’च म्हणतात. पट्टीच्या दोन्ही बाजूंना कॅनडाचं पाणी. पुढच्याच महिन्यात कॅनडाने उत्तरेकडच्या कॉडची मासेमारी थांबवली, १९९३ मध्ये या बेटांभोवतालचीही. चारशे वर्षांचा धंदा दीड वर्षात बसला. न्यूफाउंडलंडमध्ये हजारो घरं रिकामी झाली, माणसं पश्चिमेला गेली. सँ-पियेर-मिकलाँवर तशी वेळ आली नाही, कारण मागे पॅरिस उभं होतं. सरकारी नोकऱ्या, शाळा, दवाखाना, बंदराची कामं. आज बेटांचा संसार मुख्यतः त्यावर चालतो. कुणी याला फुकटचं खाणं म्हटलं तर मला राग येतो. फ्रान्सची इतकी पिढ्यांची मासळी ज्यांनी सुकवली, त्यांचा तो हक्क आहे.

कारभार असा. पॅरिस एक प्रिफेक्ट नेमून पाठवतं. आपल्या जिल्हाधिकाऱ्यासारखा, पोलीस आणि केंद्राचा कायदा त्याच्या हाती. लोकांनी निवडलेली प्रादेशिक परिषद असते, १९ सदस्यांची, मुदत सहा वर्षं. पंधरा जण सँ-पियेरचे, चार मिकलाँ-लांगलादचे. तिला जिल्हा परिषदेहून बरेच जास्त अधिकार आहेत. कर, जकात, घरबांधणी आणि गावरचनेचे नियम ती स्वतः ठरवते. दोन्ही गावांना आपापला महापौर. शिवाय पॅरिसच्या संसदेत एक खासदार आणि सिनेटमध्ये एक. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत इथले लोक मुख्य फ्रान्सच्या आदल्या दिवशी, शनिवारी मत देतात. नाहीतर पॅरिसचा निकाल रविवारी रात्री टीव्हीवर झळकेल तेव्हा इथं मतदान चालूच असेल.

दर्जा मात्र बदलत राहिला. १९७६ मध्ये यांना फ्रान्सचा पूर्ण जिल्हा केलं. मग युरोपची जकात लागू व्हायला लागली, आणि सामान तर येणार शेजारच्या कॅनडातून! लोकांनी आरडाओरडा केला, १९८५ मध्ये वेगळा दर्जा दिला. आज माणसं फ्रेंच नागरिक आहेत, म्हणून युरोपीय संघाचेही नागरिक, पण बेटं संघात नाहीत. मुलांना हे एकदा नीट मांडून सांगा, मोठ्यांचाही घोळ होतो.

पुदुच्चेरीकर_काका:

मी मूळचा पुण्याचा, पण नोकरीची वीस वर्षं पुदुच्चेरीत गेली, म्हणून एक दुवा जोडतो. जून १९४० मध्ये फ्रान्स हिटलरपुढे पडला, तेव्हा जगभरातल्या प्रत्येक फ्रेंच वसाहतीपुढे प्रश्न आला, जर्मनांशी जुळवून घेणाऱ्या व्हिशीच्या फ्रेंच सरकारचं ऐकायचं की लढाई चालू ठेवायला लंडनला गेलेल्या जनरल द गॉलचं? पुदुच्चेरीचे गव्हर्नर बोनव्हँ यांनी सप्टेंबर १९४० मध्ये द गॉलची बाजू घेतली. सँ-पियेरचा प्रशासक व्हिशीकडे राहिला. तिथल्या बिनतारी केंद्रावरून जर्मन पाणबुड्यांना खबर जाईल अशी दोस्तराष्ट्रांना धास्ती होती.

अखेर २४ डिसेंबर १९४१ च्या पहाटे द गॉलचे ॲडमिरल म्यूझलिए तीन कॉर्व्हेट (छोट्या युद्धनौका) आणि सुरकूफ ही पाणबुडी घेऊन बंदरात शिरले. गोळी झाडावी लागली नाही. नाताळच्या दिवशी मतदान घेतलं आणि जवळजवळ सगळी मतं स्वतंत्र फ्रान्सला, म्हणजे द गॉलच्या बाजूला पडली. पर्ल हार्बरला तीन आठवडेही झाले नव्हते, अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉर्डेल हल संतापले, कारण त्यांचं व्हिशीशी बोलणं चालू होतं. त्या तीन जहाजांपैकी मिमोझा पुढल्या जूनमध्ये अटलांटिकमध्ये बुडालं. त्यावर सँ-पियेरची तरुण पोरं होती. एवढ्याशा गावात एकाच दिवशी किती घरांत बातमी गेली असेल, विचार करा.

हॅलिफॅक्सवासी:

ताई, मी इथं विद्यार्थी आहे, भारतीय पासपोर्ट. माझ्याकडे शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा एकत्र) व्हिसा आहे, त्यावर जाता येईल का?

थळची_लेक:

काका, मिमोझाबद्दल लिहिलंत ते बरं केलंत. बंदराजवळ युद्धात गेलेल्यांचं स्मारक आहे, त्याच्यापुढे उभी राहिले होते.

हॅलिफॅक्सवासी भाऊ, नुसत्या शेंगेनवर नको जाऊस. ही बेटं शेंगेनमध्ये नाहीत. फ्रान्सच्या या प्रदेशासाठी म्हणून वेगळा उल्लेख असलेला व्हिसा घ्यावा लागतो. परत येताना मात्र एक सोय आहे. स्टडी परमिट चालू असेल आणि फक्त या बेटांवर जाऊन आला असशील, तर कॅनडाचा प्रवेश-व्हिसा संपला असला तरी आत घेतात. अमेरिकेला जाऊन आल्यावरही तोच नियम. तरी निघण्याआधी वकिलातीत विचारून घे.

आणि जमलं तर मिकलाँला जा. ते गाव समुद्रसपाटीपासून जेमतेम दोन मीटरवर, खडे आणि वाळूच्या पट्ट्यावर वसलंय. वादळात पाणी घरांपर्यंत येतं. २०१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओलांद येऊन गेले तेव्हापासून सखल भागात नव्या बांधकामावर बंधनं आली. सुरुवातीला लोकांनी खूप विरोध केला. पूर्वजांनी तीन वेळा वसवलेलं गाव सोडायचं कसं? आता जवळच उंचावर नवी वस्ती उभारायचं काम सुरू झालंय आणि बरीच घरं जायला तयार आहेत. आमच्या थळलाही भरतीची रेघ वर सरकताना मी बघतेय, त्यामुळे त्या लोकांचं बोलणं मी नुसतं ऐकून सोडू शकले नाही.

माणदेशी_मास्तर:

आज वर्गात सांगितलं. पाऊण तास कुणी हललं नाही. त्या मुलीने फळ्यावर पट्टी काढली आणि लगेच विचारलं, “सर, मासे तर इकडून तिकडे जाणार. फ्रान्सच्या पट्टीतला मासा कॅनडात गेला तर कुणाचा?” मी गप्प बसलो. ताई, तुम्हीच सांगा.

थळची_लेक:

तिला माझा नमस्कार सांगा, दोन्ही सरकारं याच प्रश्नावर अडली होती. मासा ज्या पाण्यात सापडेल त्याचा, असं धरलं तर जो आधी ओरबाडेल तो जिंकतो आणि सगळ्यांचा मासा संपतो. म्हणून १९९४ मध्ये त्यांनी ठरवलं की बेटांभोवतालच्या कॉडचा साठा एकच धरायचा. दर वर्षी किती मासा काढायचा ते मिळून ठरवायचं आणि आधीच वाटून घ्यायचं. कॅनडाला ८४.४ टक्के, फ्रान्सला १५.६. १९९७ मध्ये मासेमारी पुन्हा उघडली ती या वाटणीनेच. वर्षाला शंभर टोपल्या काढायच्या ठरल्या तर साडेपंधरा टोपल्यांच्या जरा वर सँ-पियेर आणि मिकलाँच्या होड्यांच्या, मग मासा पोहत कुठेही जावो.