मदत हवी आहे: इंग्लंडमधला घटस्फोट आणि पुण्यात दुसरं लग्न

माझ्या बहिणीचं लग्न 2016 मध्ये पुण्यात हिंदू विवाह कायद्यानुसार झालं, रीतसर नोंदणीही आहे. नंतर दोघं लीड्सला गेले. नवऱ्याने तिथल्या कोर्टात अर्ज केला (2022 पासून तिकडे कोणावरही दोष न ठेवता घटस्फोट मिळतो) आणि अंतिम आदेश झाला. हिने नोटीस पोचल्याचं कळवलं, 'विरोध नाही' असंही लिहिलं. वेगळं संमतिपत्र मात्र नाही. दोघंही भारतीय नागरिक, मूल नाही, पोटगीचा वाद नाही.

आता तिला पुण्यात विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचंय. आदेशावर अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का) करून आणलं, तरी नोंदणी कार्यालय म्हणतं, भारतीय कोर्टाचा कागद आणा. एक वकील म्हणतात, परस्परसंमतीने इथे नव्याने अर्ज करा. पण पहिला नवरा ईमेलला उत्तरच देत नाही, मग संमती कुठून आणायची? दुसऱ्यांच्या मते कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम 7 खाली वैवाहिक स्थिती जाहीर करून घ्यावी. मला हेच पटतं. अडचण एवढीच की नरसिंह राव खटल्यात (1991) सुप्रीम कोर्टाने परदेशी घटस्फोट मान्य करायला आपल्या कायद्यातलं कारण किंवा दुसऱ्या बाजूची संमती लागते असं म्हटलंय, आणि तिकडचा घटस्फोट ज्यावर मिळाला ते 'संसार मोडला' हे कारण हिंदू विवाह कायद्यात नाही.

तिला फार रजा नाही, त्यामुळे मुखत्यारपत्रावर काम झालं तर बरं. पुणे कुटुंब न्यायालयातून कोणी असा आदेश घेतलाय का? 'विरोध नाही' एवढं लिहिलेलं तिथे संमती म्हणून चाललं का?