अनारशांची खसखस आणि लष्करातली ड्रग टेस्ट – कुणाला अनुभव आहे का?

सुनंदा_ऑरोरा, ३ डिसेंबर २०२२

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृतींच्या धाग्यांवर असते. आज जीव टांगणीला लागलाय म्हणून इथे लिहितेय.

माझा मुलगा अमेरिकन लष्करात स्पेशालिस्ट (सार्जंटच्या खालचा हुद्दा) आहे, टेक्सासमधल्या एका तळावर. सार्जंट व्हायच्या यादीत नाव लागलं होतं. दिवाळीला नेहमीसारखा फराळ पाठवला. त्याला अनारसे मिळाले की बाकी काही नको असतं. यंदा खसखस जरा सढळ हातानेच लावली. ताटलीत पसरायची, त्यावर गोळा थापायचा आणि खसखशीची बाजू वर ठेवून तळायचा. डबा २८ ऑक्टोबरला, शुक्रवारी पोचला. रविवारी रात्री त्याने एकट्याने नऊ-दहा अनारसे संपवले, आणि सोमवारी पहाटे त्याच्या अख्ख्या कंपनीची, म्हणजे तुकडीची, लघवी तपासणी निघाली.

गेल्या आठवड्यात सांगितलं, कोडीन (अफूतलं एक द्रव्य) पॉझिटिव्ह. मर्यादा २,००० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, ह्याचं २,९००. लगेच ‘फ्लॅग’ लागला, म्हणजे नोंदीवर रोखीची खूण, आणि बढती थांबली. आता एमआरओ म्हणजे तपासणी करणारे डॉक्टर त्याचे कागद बघणार आहेत. आमचे हे म्हणतात, त्याने सरळ जाऊन सगळं खरं सांगावं. मी त्या डॉक्टरांना पत्र लिहू का? माझ्या हातच्या खाण्याने पोराची नोकरी जायची वेळ आली, मला रात्र रात्र झोप नाही.

प्रशांत_डी, ३ डिसेंबर २०२२

दुबईला खसखस नेऊ नये हे माहीत होतं, पण अमेरिकेत तर ती दुकानात उघड मिळते! आणि तळल्यावर त्यात काय उरणार? काकू, काळजी करू नका, होईल सगळं नीट.

कल्याणी_माजी_सैनिक, ४ डिसेंबर २०२२

सुनंदाताई, मी आठ वर्षं लष्करात होते. त्यातली दोन वर्षं कंपनीचे नमुने गोळा करायचं काम माझ्याकडे होतं. पहाटे टेबल मांडायचं, प्रत्येकाच्या ओळखपत्रावरून बाटलीचं लेबल करायचं, त्याची आद्याक्षरं घ्यायची. झाकण लागेपर्यंत निरीक्षकाची नजर बाटलीवरून हलता कामा नये. शेवटी झाकणावर सीलची पट्टी. म्हणून सांगते, बाटली बदलली असेल ह्या आशेवर राहू नका. ते क्वचित होतं.

पहिलं काम वकिलाचं. ‘ट्रायल डिफेन्स सर्व्हिस’चे वकील फुकट मिळतात आणि ते त्याच्या कमांडरच्या हाताखाली नसतात. त्यांना भेटेपर्यंत त्याने कुणालाही काही सांगायचं नाही, खरं असलं तरी नाही. लष्करी कायद्याच्या आर्टिकल ३१ खाली गप्प राहण्याचा हक्क त्याला आहे. एमआरओ डॉक्टर असले तरी ते *त्याचे* डॉक्टर नाहीत. लष्करी कोर्टात डॉक्टर आणि पेशंटमधलं बोलणं गुप्त राहत नाही. माझ्या कंपनीतल्या एका मुलाने दाढदुखीत रूममेटची उरलेली गोळी घेतली होती. भाबडेपणाने धावत जाऊन ते सांगून आला, आणि तोच त्याच्याविरुद्ध पुरावा झाला. तो मुलगा मला अजून आठवतो.

एमआरओ बघतात ते एवढंच: हे औषध ह्याच माणसाला, त्या काळात, डॉक्टरांनी लिहून दिलं होतं का? अनारसा औषध नाही. म्हणजे कागदावर बहुधा ‘वैद्यकीय कारण नाही’ असंच येईल. ते वाचून खचू नका, तिथे खटला संपत नाही. त्याच कायद्याच्या अंमली पदार्थांवरच्या कलम ११२ए मध्ये गुन्हा ठरायला माणसाने ते जाणूनबुजून घेतलेलं असावं लागतं, आणि तो प्रश्न कमांडरपुढे किंवा बोर्डापुढे सुटतो. पत्र लिहायचं तर वकिलांसाठी लिहा, डॉक्टरांना परस्पर नको.

खसखशीचं पाकीट आहे का? टाकू नका. बिल, पार्सलची पावती, त्याच घाण्यातले अनारसे उरले असतील तर तेही तारीख लिहून फ्रीझरमध्ये. पण मुलाकडे काही पाठवू नका.

लष्कर इतकं कडक का, तेही सांगते. १९८१ च्या मे महिन्यात ‘निमिट्झ’ जहाजाच्या डेकवर विमान कोसळून १४ जण गेले. मेलेल्यांपैकी काहींच्या शरीरात गांजाचे अंश सापडले. तेव्हापासून ‘सहन करणार नाही’ हे धोरण आहे. आणि ‘खसखस खाल्ली’ ही सबब इतक्या जणांनी दिलीय की खरं सांगणाऱ्यालाही ती दहा वेळा सिद्ध करावी लागते.

डॉ_विद्या_नागपूर, ४ डिसेंबर २०२२

मी निवृत्त जीवरसायनतज्ज्ञ आहे. प्रशांत, तळल्याने अंश कमी होतात, नाहीसे होत नाहीत. बियांच्या आत जवळजवळ काहीच नसतं. बोंड फोडताना अफूचा चीक बियांना बाहेरून चिकटतो. धुतलं तर बराचसा निघून जातो, पण अनारशाला आपण खसखस कोरडीच लावतो ना.

ताई, वकिलांमार्फत प्रयोगशाळेची पूर्ण नोंद मागवा आणि मॉर्फिनचा (तेही अफूच्या चिकातलंच द्रव्य) आकडा बघा. त्याची मर्यादा ४,००० आहे, म्हणून तो कोडीनच्या मर्यादेवर असला तरी ‘निगेटिव्ह’ दिसू शकतो. नुसती कोडीनची गोळी किंवा सिरप घेतलं तर सुरुवातीला कोडीन मॉर्फिनपेक्षा बरंच जास्त येतं. थेबेन नावाचं द्रव्य खसखशीतून येतं, शुद्ध कोडीनच्या औषधातून येत नाही. त्याची तपासणी नेहमी होत नाही, मागावी लागते. ते सापडलं तर मोठा आधार. नाही सापडलं तरी खसखस नव्हतीच असं ठरत नाही. पॉझिटिव्ह नमुने वर्षभर गोठवून ठेवतात, म्हणजे वेळ आहे. नागरी सरकारी नोकऱ्यांत अफूवर्गाची मर्यादा १९९८ मध्ये ३०० वरून २,००० वर नेली, तीही खसखशीमुळेच.

एक विचारते, राग मानू नका. भारतातून आणलेलं खोकल्याचं औषध तर नाही ना दिलं त्याला? त्यातल्या काहींत कोडीन असतं.

सुनंदा_ऑरोरा, ५ डिसेंबर २०२२

राग कसला, विद्याताई. तुमचा प्रश्न वाचून मी आधी कपाट उघडलं. पुण्याहून आणलेली बाटली तिथेच आहे, सील तुटलेलं नाही. आणि खसखस खवट होते म्हणून मी ती फ्रीझरमध्येच ठेवते, त्यामुळे अर्धं पाकीट शाबूत आहे, लॉट नंबर दिसतोय. फोटो काढलेत. कल्याणी, त्याने आज वकिलांना फोन केला.

सुनंदा_ऑरोरा, २३ फेब्रुवारी २०२३

मॉर्फिन १,९०० निघालं. थेबेनही सापडलं. एमआरओंचा शेरा मात्र कल्याणी म्हणाली तसाच आला, वैद्यकीय कारण नाही. तीन दिवस कुणी घरात बोललं नाही.

आणि आता १७ तारखेचं संरक्षण खात्याचं पत्रक! खसखशीच्या काही वाणांत कोडीनचे अंश पूर्वी वाटत होतं त्यापेक्षा जास्त असू शकतात, सैनिकांनी खसखस टाळावी, असं त्यात आहे. वकिलांनी ते लगेच फाईलला जोडलं.

कल्याणी_माजी_सैनिक, २३ फेब्रुवारी २०२३

वाचून रडले. ज्या मुलांचे निकाल ह्या पत्रकाआधी लागून गेले, त्यांचं काय, हेच मनात येतंय.

सुनंदा_ऑरोरा, १० मार्च २०२४

धागा वर आणतेय. ५ मार्चपासून लष्कराने कोडीनची मर्यादा २,००० ची ४,००० केली. माझ्या मुलाचे २,९०० आज निगेटिव्ह ठरले असते.

त्याचा फ्लॅग गेल्या एप्रिलमध्ये निघाला. बढतीची यादी तोवर पुढे गेली होती, डिसेंबरमध्ये सार्जंट झाला. खसखस अजूनही टाळायचीच आहे. ह्या दिवाळीला रवा लावून अनारसे केले, पण तो नीट चिकटत नाही, तेलात सुटून खाली बसतो. कुणाला जमलं असेल तर पीठ किती ओलं ठेवायचं ते सांगा.